गाडी अहिवाऱ्यापर्यंत जायला हवी

मोठेबाबांची मोटारसायकल मला दुरुस्त करता येते, ही गोष्ट आमच्या क्वार्टरांच्या ओळीत पसरली तेव्हा मी दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. लोक कौतुकानं बोलत आणि मी दर वेळी विषय बदलायचो. तेव्हा त्याचं कारण कुणाला सांगता आलं नाही. आता लिहून बघतो.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. आमचं गाव भंडाऱ्याच्या पूर्वेला, धानाच्या मुलखात. भिलाईच्या पोलाद कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तेव्हा गावातून जे पहिले काही जण इकडे आले, त्यांत मोठेबाबा होते. आधी ठेकेदाराकडे लोखंड उचललं, मग फिटरचं काम शिकले, मग कारखान्यात कायम झाले आणि क्वार्टर मिळालं. माझे वडील शेतीवरच राहिले. मॅट्रिक झाल्यावर वडील मला इथे घेऊन आले, ओट्यावर बसून चहा प्यायले आणि उठताना मोठेबाबांना म्हणाले, "आता हा तुमचा." मोठेबाबांनी मान हलवली. त्या दिवसापासून माझ्याबद्दलचा कुठलाही निर्णय मोठेबाबांचा होता. वडील मधूनमधून यायचे, तेही काही ठरवायचं असलं की त्यांच्याच तोंडाकडे बघायचे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. कॉलेज म्हणजे नक्की काय, आणि त्याच्या शेवटी काय हाताला लागतं, हे मला मोठेबाबांना कधी नीट समजावता आलं नाही. मलाही ते पुरतं माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत उभा असलो की तेवढा वेळ मी कुणाचाही पुतण्या नसायचो. मला तिथे शेवटपर्यंत राहायचं होतं. त्यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं.

मोठेबाबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. जेवताना ते पुन्हा पुन्हा सांगायचे, "आज भरती चालू आहे. एकदा बांधकाम सरलं का दरवाजा बंद. मंग तू डिगरी घेऊन गेटावर उभा राहाशीन, अन् सातवी नापास पोट्टा आतून तुले विचारन, काय काम आहे साहेब?"

मोठी आई, म्हणजे माझी मोठी काकू, भाकरी वाढत असायची. ती म्हणायची, "जेवू द्या त्याले."

"मी का त्याचं ताट ओढून राहिलो?"

गाडी इंग्रजी होती, लढाईच्या काळातली. लष्कराच्या हिरव्या रंगावर कुणीतरी काळा रंग फासला होता आणि तो टाकीच्या कडेला पोपडे धरून निघत होता. बांधकामावरचा एक इंजिनिअर बदली होऊन जाताना ती मोठेबाबांच्या गळ्यात घालून गेला. त्यांनाही ती हवीच होती, कारण त्यांची नेमणूक तेव्हा अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीवर, दगड फोडायच्या क्रशरवर झाली होती. पाळी पहाटेची. माणसं नेणारा ट्रक आमच्या सेक्टरापासून लांबून जायचा आणि कुणासाठी थांबायचा नाही. पन्नाशीच्या माणसानं एवढा रस्ता सायकलनं कापायचा आणि वर दिवसभर पाना चालवायचा, हे होण्यासारखं नव्हतं. गाडी चालली तर हाजरी लागायची. नाही चालली तर कटायची.

त्या पावसाळ्यात गाडीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. खुर्सीपारच्या एका दुरुस्तीवाल्यानं ती दोनदा खोलली आणि हात टेकले. कॉलेजात आम्हांला नुकतंच तरंगणाऱ्या वस्तूंचं प्रकरण शिकवलं होतं, म्हणून मी धीर करून एका रविवारी कार्बोरेटर उघडला. आत जे दिसलं ते मला आवडलं, हे खरं आहे. कार्बोरेटरच्या बाजूला चहाच्या पेल्याएवढी एक धातूची वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी त्या वाटीत येतं. वाटीत पितळेचा पोकळ फ्लोट तरंगत असतो आणि त्याच्या मधून आरपार एक सुई गेलेली असते. पेट्रोल चढलं की फ्लोट चढतो, सुईला वर ओढतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. इंजिनानं थोडं पेट्रोल ओढलं की फ्लोट खाली, वाट उघडी. सुईला बारीक खाचा असतात आणि फ्लोट त्यांतल्या एका खाचेत क्लिपनं अडकवलेला असतो. क्लिप वरच्या खाचेत घातली तर वाटीत पेट्रोलची पातळी वर राहते, खालच्या खाचेत घातली तर खाली. कुणीतरी ती सगळ्यात वरच्या खाचेत घालून ठेवली होती, म्हणून वाटी भरून वाहत होती. मी ती एक खाच खाली आणली. ठिबकणं थांबलं.

मी केलं ते एवढंच, पण दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरायला गेलो तर शेजारचे एक काका म्हणाले, "काय डॉक्टरसाहेब, पेशंट कसा आहे?" आणि मोठेबाबांनी ही गोष्ट खाणीवर सांगितली, तिथून ती कारखान्याच्या मोटार गॅरेजात गेली. गॅरेजचे फोरमन नागपूरकडचे होते, रेल्वेच्या वर्कशॉपातून इकडे आलेले. डंपर आणि ट्रक रोज वाढत होते आणि त्यांना हाताशी पोरं हवी होती. ते मोठेबाबांना म्हणाले, "दिवाळीनंतर एका रविवारी येतो मी. गाडी अहिवाऱ्याच्या रस्त्यानं फिरवून पाहतो. पोराचा हात कसा आहे ते गाडीच सांगन."

मोठेबाबा त्या संध्याकाळी घरी आले ते हसतच. मोजे काढता काढता म्हणाले, "लागला म्हणून समज."

"कुठे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"गॅरेजात. कायमची जागा. अजून काय पाहिजे?"

मी त्यांचे मोजे उचलून दोरीवर टाकले. बोलायला हवं होतं, पण ज्या घरात दोन वेळा जेवतो तिथे पहिलाच शब्द नकाराचा कसा काढायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मोठी आईनं मात्र हातातलं लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मोठी आईला कारखान्याची भीती वाटायची. दसऱ्याच्या थोडं आधी आमच्याच ओळीतला एक रिगर, दोर-साखळ्यांनी लोखंड वर चढवणारा कामगार, उंचावरून पडला. जीव वाचला, पण त्याला खाटेवरून उचलून अंगणात आणताना ती रोज बघत होती. कारखान्यात विश्वकर्म्याची पूजा भाद्रपदात होऊन गेलेली असायची. आमच्या घरी मात्र गावाकडच्या रीतीनं खंडेनवमीला हत्यारं पुजायची. विळा, पाने, हातोडी आणि मोटारसायकल, सगळं धुऊन त्यावर हळदीकुंकू. त्या वर्षी ती नवमीला थांबलीच नाही. रोज पहाटे मोठेबाबा निघायच्या आत ती बाहेर यायची आणि टाकीच्या गोल झाकणावर कुंकवाचं बोट टेकवायची. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडून जातं म्हणून ते ती तेलात कालवायची. माणूस परत येईपर्यंत ते राहायला हवं, असं तिचं म्हणणं होतं.

आणि दसऱ्यानंतरच गाडी बिघडायला लागली. घरून नीट निघायची, सेक्टर ओलांडून अहिवाऱ्याच्या रस्त्याला लागायची आणि मग मध्येच आचके देऊन बंद पडायची. मोठेबाबा उतरून टाकीचं झाकण काढायचे, गाडी हलवून आत बघायचे. पेट्रोल असायचंच. झाकण लावून किक मारली की गाडी चालू. पुन्हा थोड्या अंतरावर बंद. त्यांची दोनदा हाजरी कटली.

"दम खाऊन राहिली," मोठेबाबा म्हणाले. "म्हातारी झाली."

"इंजिन दम खात नाही, मोठेबाबा."

"मंग तू सांग कावून बंद पडते. सायन्स तू शिकून राहिला."

मला एकच जागा माहीत होती, म्हणून मी पुन्हा तीच उघडली. वाटीत पेट्रोल कमी पडत असेल, असं मी म्हणालो, आणि मोठेबाबांना ते लगेच पटलं. ते मूळचे धानाचे, पाण्यानं भरलेल्या बांध्यांचे शेतकरी. "हेच त मी म्हणतो," ते म्हणाले. "बांधीत पाणी कमी राहिलं तर धान पोचट होते. भर जास्त." मी क्लिप वरच्या खाचेत घातली. त्या दुपारी अंगणात उभ्या गाडीखाली पेट्रोलचा डाग पसरला आणि मोठी आईला शेगडी विझवून दोन घरं पलीकडे जाऊन डाळ शिजवावी लागली. मी पुन्हा एक खाच खाली आणली. गाडी पुन्हा रस्त्यात बंद. मग कानशीनं दोन खाचांच्या मध्ये तिसरी पाडली.

प्रयोगशाळेतून मी एक वाकलेली काचेची नळी मागून आणली, टोक फुटलं म्हणून बाजूला टाकलेली. कार्बोरेटरच्या खालचा नट काढून तिथे रबराच्या तुकड्यानं ती जोडली आणि काच वाटीला टेकवून उभी धरली. नळीत पेट्रोल जिथपर्यंत चढलं तिथपर्यंतच वाटीत होतं. ओळीतले लोक गोळा झाले.

"आता त पेशंटले सलाईन लावलं," शेजारचे काका म्हणाले.

"थांबा ना बे," मोठेबाबा म्हणाले. "पाहू द्या त्याले."

पातळी बरोबर होती. अगदी जिथे असायला हवी तिथे होती. आणि दुसऱ्या पहाटे गाडी अहिवाऱ्याच्या रस्त्यावर बंद पडली.

दिवाळीची सुट्टी, मग दिवाळीनंतरचे दिवस, असे माझे सगळे मोकळे तास त्या अंगणात गेले. हाताला पेट्रोलचा वास इतका बसला होता की वर्गात शेजारचा मुलगा सरकून बसायचा. घटक चाचणी जवळ आली होती. वही उघडली की मोठेबाबा बाहेरून हाक मारायचे, "इकडे ये, आज वेगळा आवाज येऊन राहिला." मी उठायचो. मला अभ्यासाला बसायचं आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. त्यांच्या हिशेबानं मी अभ्यासच करत होतो, खरा अभ्यास, ज्याच्या शेवटी नोकरी होती. मी जितकं मन लावून काम करायचो तितकं त्यांना वाटायचं की पोराला हे आवडतं. मी गाडी दुरुस्त केली की कॉलेज जाणार होतं. नाही केली तर मोठेबाबांची हाजरी जाणार होती, आणि फोरमनसमोर त्यांची मान खाली जाणार होती. दोन्हीकडून मीच सापडत होतो.

फोरमन रविवारी येणार म्हणून निरोप आला. शनिवारी दुपारी मी एकटाच गाडी घेऊन बाहेर पडलो. सेक्टर संपला, मुरमाचा रस्ता लागला, आणि ठरल्याप्रमाणे गाडी आचके देऊन थांबली. बाजूनं चुनखडीचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकामागे धूळ अंगावर येत होती. एरवी आम्ही आधी टाकीचं झाकण उघडायचो. त्या दिवशी मी ते उघडलं नाही, कारण डोक्यात फक्त पातळी होती. मी आधी वाटी उघडली.

वाटी कोरडी होती. फ्लोट तळाशी पडला होता. पेट्रोलची वाट पूर्ण उघडी आणि पेट्रोल नाही. मी टाकीतून येणारी पेट्रोलची नळी सोडवली, टाकीखालचा कॉक उघडा होता, पण नळीतून चार थेंब आले आणि थांबले. टाकी तर अर्धी भरलेली, हलवली की आवाज येत होता. नळी तशीच हातात धरून मी दुसऱ्या हातानं टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा ओढली गेल्याचा आवाज झाला आणि माझ्या हातावर पेट्रोलची धार लागली.

मी कॉक बंद केला आणि झाकण उलटं करून पाहिलं. त्याच्या मधोमध हवेसाठी एक बारीक भोक असतं, पेट्रोल खाली उतरतं तशी हवा आत यावी म्हणून. ते भोक दिसतच नव्हतं. तिथे लाल, तेलकट, घट्ट बसलेला एक ठिपका होता.

पहिल्यांदा मला आनंद झाला. प्रयोगाचं उत्तर बरोबर आलं की होतो तसा. फ्लोटचा काही दोष नव्हता, मी इतके दिवस भलत्याच पातळीशी खेळत होतो. झाकण उघडलं की हवा आत जायची, म्हणून गाडी सुरू व्हायची आणि आम्हांला वाटायचं ती दम खाऊन ताजी झाली. मग तो आनंद गेला. उद्या फोरमन येणार होते. हे झाकण असंच परत बसवलं तर गाडी त्यांच्याखाली बंद पडणार होती, आणि ते गॅरेजात दुसरा पोरगा शोधणार होते. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं झाकण बसवायचं होतं. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि किती वेळ बसलो ते आठवत नाही.

घरी आलो तेव्हा मोठेबाबा खुर्सीपारच्या बाजारात गेले होते, पाहुण्यांसाठी फरसाण आणायला. मी मोठी आईला म्हणालो, "मोठी आई, सुई दे ना."

"बटन तुटलं का?"

"नाही. गाडीले पाहिजे."

ती सुई घेऊन माझ्याजवळ उकिडवी बसली. मी झाकण राकेलमध्ये बुडवलं होतं. भोकात सुई घातली आणि दुसऱ्या बाजूनं लाल गोळी बाहेर आली. तिनं ती बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली. कुंकू कोणाचं हे तिला सांगायची गरज नव्हती.

"यानंच बंद पडे?"

"हो."

"अन् तू इतके दिवस ते आतलं खोलून राहिला."

"हो."

तिनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "मी त त्याईले काही होऊ नये म्हणून लावत होती. अन् त्याईची हाजरी मीच कापत होती."

"तुले काय माहीत, मोठी आई. मले तरी कुठे माहीत होतं."

"आता उद्या चालन?"

"चालन."

"म्हणजे तुले नेतीन."

मी झाकण पुसत राहिलो. तिनं दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग अगदी हळू आवाजात, जणू मीठ हवंय का विचारावं तसं, म्हणाली, "मी उद्या पुन्हा लावू का मंग? घट्ट?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. "या घरातून एक माणूस तिथं जाते तेवढं पुरे आहे," ती म्हणाली. "रोज पहाटे गाडीचा आवाज गेला का माझा जीव त्याच्या मागं जाते. तुझाबी आवाज मी ऐकत बसू का?"

मी सुई पुसून तिला परत दिली. तेवढ्यात मोठेबाबा फाटकातून आत आले आणि पिशवी पुढे करत म्हणाले, "शेव ताजी आहे, पाहून घे."

रविवारी फोरमन सायकलवर आले. खाकी पँट, पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल बांधलेला. चहा घेतला, शेव खाल्ली, पाऊस कसा झाला ते बोलले. मग उठून गाडीभोवती एक चक्कर मारली. वाटीला हात लावून पाहिला, बोट नाकाशी नेलं. "ठिबकत नाही," ते म्हणाले. मोठेबाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला जड वाटला.

फोरमन गाडीवर बसले आणि मोठी आई ताटली घेऊन बाहेर आली. गाडी घराबाहेर निघतेय म्हणजे कुंकू लागणारच, यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. तिचं बोट तेलानं ओलं होतं. ते टाकीच्या झाकणाकडे गेलं आणि मध्येच थांबलं. ती माझ्याकडे बघत होती. ती मला विचारत होती, आणि या वेळी मला गप्प राहून चालणार नव्हतं.

मी पुढे होऊन झाकणावर तळहात ठेवला. "इथं नको, मोठी आई. पुढं लाव, दिव्यावर."

तिनं दिव्याच्या काचेच्या वर ठिपका लावला. "देव सगळीकडेच पाहते," मोठेबाबा म्हणाले. फोरमननी किक मारली.

गाडी गेली आणि आम्ही तिघं फाटकाशी उभे राहिलो. शेजारचे काकाही आले. मोठेबाबा रस्त्याच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. "आता नाल्यापाशी असन," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "आता फिरली असन." मी का हात ठेवला हे मी तेव्हा स्वतःला विचारत होतो. मोठेबाबांची फजिती बघवली नसती, हे एक. दुसरं म्हणजे इतके दिवस ज्या यंत्राशी झगडलो, ते मीच बरं करून मीच पुन्हा बिघडवायचं, याला मन तयार नव्हतं. पण हे नंतर सुचलेलं असेल. तेव्हा फक्त हात गेला होता.

आवाज दुरूनच आला. सलग, एकसारखा. मोठेबाबांनी डोळे मिटले आणि उघडले.

"शिलाई मशीन आहे," फोरमन उतरताना म्हणाले. "बंद पडते म्हणत होते ना तुमी? काय होतं रे?"

"टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं होतं."

"कशानं?"

"धुळीनं," मी म्हणालो.

"धुळीनं नाही," मोठी आई दारातून म्हणाली. "कुंकवानं. माझ्या हातचं."

फोरमन हसले. कुणी सोबत हसलं नाही तेव्हा त्यांनी हसू आवरलं. "चालते, भाभी. आमच्या डंपरलेबी लावतात." मग मोठेबाबांकडे वळून म्हणाले, "फ्लोट सोडून टाकीकडे गेला, म्हणजे डोकं आहे पोराले. पहिल्या तारखेपासून पाठवा."

"पाठवतो," मोठेबाबा म्हणाले.

तेव्हा मी बोललो. मोठ्यानं बोललो की हळू, मला आठवत नाही. "मले परीक्षा द्यायची आहे."

सगळे माझ्याकडे वळले. "कोणती?" फोरमननी विचारलं.

"यंदाची. अन् पुढच्या सालची. बी.एस्सी. पूर्ण करायचं आहे मले."

मोठेबाबांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. फोरमन समजूतदार माणूस होते. त्यांनी सायकल काढली आणि म्हणाले, "तुमी घरात ठरवा. पण जागा मी धरून ठेवणार नाही." मोठेबाबा त्यांना वळणापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते सरळ आत गेले.

दुपारभर ते खाटेवर पडून होते. मोठी आईनं दोनदा पाणी नेऊन ठेवलं. आतून तिचा आवाज येत होता, त्यांचा नाही. संध्याकाळी ते ओट्यावर आले. मी गाडीजवळ उभा होतो, काही करत नव्हतो.

"तुह्या बापाले काय सांगू मी?" ते म्हणाले.

"मी सांगन बाबाले."

"तू काय सांगशीन. तुले आज पहिल्यांदा बोलता आलं, तेबी पाहुण्यासमोर." आवाजात राग होता, पण मी धरून चाललो होतो तेवढा नव्हता. ते ओट्याच्या कडेला बसले. मग गाडीकडे बोट करून म्हणाले, "हे पाह. मले आता सायकल होत नाही. ही गाडी मले रोज टायमावर खाणीवर नेत राहिली, त जा तू कॉलेजात. मी नाही म्हणणार नाही. पण ज्या दिवशी गाडीपायी माझी हाजरी कटली, त्या दिवशी तुले गॅरेजात नेऊन बसवतो. मंग परीक्षा असो का काही असो."

"हो, मोठेबाबा."

"समजलं का?"

"समजलं."

आत मोठी आईनं दिवा लावला. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी धावत सुटेन, कुठेतरी जाऊन ओरडेन. तसं काही झालं नाही. मी पाना घेतला आणि वाटीचं झाकण पुन्हा एकदा आवळलं, ते आवळलेलंच होतं.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. बरोबरची मुलं अभ्यासासाठी दुर्गला, बोरसीकडे एक खोली घेऊन राहतात. मला बोलावतात. मी जात नाही. दिवाळीला गावी गेलो तर एका रात्रीत परत येतो, कारण फ्लोटचं पितळ जुनं झालं आहे, सुईची टोकं झिजली आहेत, पातळी आठवड्यात थोडी थोडी चढते आणि ती कुणाला तरी उतरवावी लागते. मी पास झालो तर पुढे काय, रायपूरला शिकायला जायला मिळेल का, हे मी मोठेबाबांना अजून विचारलेलं नाही. त्यांच्या उत्तरात गाडी असेल, हे मला माहीत आहे. त्यांनी शब्द पाळला आहे आणि मीही पाळतो. कुणी कुणाला दोष द्यावा असं आमच्यात काही नाही.

पहाटे ते निघतात तेव्हा मी जागा असतो. मोठी आई बाहेर जाते, दिव्यावर कुंकू लावून येते. किक बसते, दुसरी बसते, इंजिन धरतं. मी पांघरूण बाजूला करून आवाज ऐकतो. फाटक, ओळीचं टोक, वळण, मग मोठा रस्ता. कधी वळणावर एखादा आचका येतो आणि मी उठून बसतो. आवाज पुन्हा सलग झाला की अहिवाऱ्याच्या दिशेनं तो पूर्ण विरेपर्यंत तसाच बसून राहतो, आणि मग पुस्तक उघडतो.